स्पीकर बदलताना वॅट शेवटी विचारा

पावसाळा सरला की वसई-विरार पट्ट्यातल्या दुरुस्तीच्या टेबलांवर जुने गिटार ॲम्प्लिफायर येऊ लागतात. पुढे नाताळ आणि लग्नसराई असते. चार महिने कोपऱ्यात पडलेला ॲम्प सुरू केला की घरघर ऐकू येते आणि गिऱ्हाईक तो तसाच रिक्षात घालून आणतं. नंदाखाल, निर्मळ, गिरिज, पापडी या गावांत गिटार ही नवलाईची वस्तू कधीच नव्हती. पण आयात-निर्बंधांच्या काळात परदेशी ॲम्प सहज मिळत नसे. काही बोटीवरच्या नोकरदारांबरोबर आले, काही आखातातून आले, आणि उरलेल्यांची गरज त्यांच्याच नकला करून इथे जोडलेल्या पेट्यांनी भागवली. असा एखादा ॲम्प स्पीकर बदलायला आला की आपल्या धंद्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा टाकायचा? आमच्या मते हा प्रश्न विचारायचा खरा, पण सगळ्यात शेवटी. आधी विचारला की पुढचे सगळे निर्णय चुकीच्या बाजूला झुकतात, आणि ॲम्प दुरुस्त होऊनही गिऱ्हाईक म्हणतं, ‘आवाज पूर्वीसारखा नाही.’ ते खरं बोलत असतं.

मॅग्नेटवर छापलेला वॅटचा आकडा म्हणजे कॉइल किती उष्णता सोसेल याची मर्यादा. पुलावरच्या वजनमर्यादेच्या पाटीवरून पलीकडचा रस्ता कसा आहे ते कळत नाही, तसंच हे आहे. स्पीकर किती मोठ्याने वाजेल हे त्याच्या सेन्सिटिव्हिटीवर ठरतं, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात त्यावर. सेलेस्टियनचा अल्निको ‘ब्लू’ १५ वॅटचा आहे आणि त्याच कंपनीचा ‘व्हिंटेज ३०’ ६० वॅटचा. नावातल्या तीसचा त्याच्या वॅटशी काही संबंध नाही, हा घोळ दुकानात रोज होतो. सोसण्याची ताकद चौपट, पण कंपनी दोघांचीही सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबलच देते. एकाच ॲम्पला आलटून पालटून लावले तर दोघांच्या आवाजाची जात वेगळी लागेल, पण मोठेपणा जवळपास सारखाच राहील. उलट सेन्सिटिव्हिटी तीन डेसिबलने घसरली की तोच आवाज काढायला ॲम्पला दुप्पट वॅट द्यावे लागतात. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा आहे. त्यात १००ऐवजी ९४ डेसिबलचा स्पीकर बसवला तर सहा डेसिबल गेले, म्हणजे ऐकणाऱ्यासाठी तो साडेपाच वॅटचा झाला. गाडीत लावतात तो ८८ डेसिबलचा सबवूफर बसवला तर उरले जेमतेम दीड वॅट. मॅग्नेटवर मात्र मोठ्या अक्षरांत पाचशे छापलेलं असतं, आणि गिऱ्हाईकाने पैसे त्या पाचशेचे मोजलेले असतात.

हा सबवूफरचा प्रकार विनोदासाठी लिहिलेला नाही. आपल्याकडे मंडपवाले आणि डीजेवाले यांच्यामुळे बारा इंची पीए वूफर कुठेही मिळतो, स्वस्त मिळतो आणि त्याच दिवशी मिळतो. त्यामुळे जुन्या गिटार ॲम्पमध्ये तोच जाऊन बसतो. तो वाईट माल असतो असं नाही, त्याचं काम वेगळं आहे. मोठी उष्णता सोसायला त्याची कॉइल जाड आणि रुंद केलेली असते, ती पेलायला कोन जड, आणि खालचे सूर काढायला कडेचं सराउंड मऊ कापडाचं. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर ८२ हर्ट्‌झचा आहे. त्याच्या बऱ्याच खाली उतरणारा वूफर जी मेहनत करतो ती गिटारला लागतच नाही, आणि तिची किंमत तो वरच्या बाजूला हलकेपणा घालवून वसूल करतो. गिटार स्पीकरचा कोन हलका, कडेपर्यंत कागदाचाच आणि ताठ असतो. पाच हजार हर्ट्‌झच्या पुढे त्याचा आवाज झपकन उतरतो. हाय-फायच्या मापाने हा दोषच, पण गिटार ॲम्प याच दोषावर बेतलेला आहे. ओव्हरड्राइव्ह झालेला व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर जो करकरीत कचरा वर फेकतो तो स्पीकर गाळून टाकतो. मध्ये ट्विटर असलेला कोॲक्सिअल बसवून पाहा, गिटारऐवजी मधमाश्या ऐकू येतील. शिवाय बहुतेक जुने कॉम्बो मागून उघडे असतात. बंद पेटीतल्या हवेचा आधार तिथे नसतो. कोनला आवरायचं काम त्याच्या स्वतःच्या ताठपणाने करायचं असतं, आणि मऊ सराउंडचा वूफर नेमका तिथे लटपटतो.

व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये आणखी एक गोष्ट घडते, आणि ती वॅटच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. स्पीकरचा ओहम सगळ्या सुरांना सारखा नसतो. त्याच्या रेझोनन्सपाशी तो कितीतरी पट चढतो आणि वरच्या सुरांकडे पुन्हा वाढत जातो. आधुनिक ट्रान्झिस्टर ॲम्पला याची फिकीर नसते. पण व्हॉक्सच्या एसी-३०सारख्या, निगेटिव्ह फीडबॅक मुळीच नसलेल्या ॲम्पमध्ये जिथे ओहम चढतो तिथे आवाजही फुगतो. म्हणून ५५ हर्ट्‌झ रेझोनन्सचा आणि ७५ हर्ट्‌झ रेझोनन्सचा असे दोन स्पीकर, बाकी सगळं सारखं असूनही, एकाच ॲम्पला दोन वेगळे खर्ज देतात. डेटाशीटवर हा आकडा छापलेला असतो. तो वाचायला वॅटचा आकडा वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो बिनतोड नसला तरी वजनदार आहे. गिऱ्हाईक व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवणार, कॉइल जळणार आणि ॲम्प पुन्हा आपल्याच टेबलावर येणार. मग जास्त वॅटचा स्पीकर टाकून मोकळं का होऊ नये? ॲम्पवर लिहिलेले वॅट साफ आवाजाचे असतात आणि पूर्ण ओव्हरड्राइव्हमध्ये तोच ॲम्प दीडपट, क्वचित दुपटीपर्यंत जातो, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून २२ वॅटच्या डिलक्स रिव्हर्बमध्ये एकटा १५ वॅटचा ब्लू घालणं म्हणजे कॉइल जाळायला घेणंच. एसी-३०मध्ये असे दोन असतात, ३० वॅटला बरोबर ३०, हाताशी काही शिल्लक नाही. मार्शलच्या शंभर वॅटच्या ॲम्पखालीही चार २५ वॅटचे ग्रीनबॅक असत. त्या काळातले बांधणारे काठावर चालत होते, आपण त्यांची नक्कल करायची गरज नाही. पण या आक्षेपातून निघतं ते एवढंच की ॲम्पच्या लिहिलेल्या वॅटच्या दुपटीपर्यंत सोय ठेवा. बावीसला चाळीस-पन्नास पुरे झाले. त्यापुढचा प्रत्येक वॅट सुरक्षितता वाढवत नाही, फक्त कॉइल जाड करतो. पन्नास वॅटच्या गिटार स्पीकरला जे काम जमतं त्यासाठी तीनशेचा वूफर आणणं हा आळस आहे, त्याला काळजीचं नाव देऊ नये.

दुसरा आक्षेप आपल्या भागातलाच आहे आणि आम्हाला तो जास्त खरा वाटतो. इथले जुने ॲम्प केवळ गिटारला वापरले जात नाहीत. चर्चच्या गायनवृंदात त्याच पेटीत कीबोर्ड जातो, दुसऱ्या इनपुटला माईक जातो. मिरवणुकीचा मोसम आला की कुणीतरी बेंजोही लावतो. मग सगळे सूर सारखे काढणारा पीए वूफरच बरा नाही का? कीबोर्डसाठी आणि गाण्यासाठी तो बरा आहे, यात वाद नाही. पण त्यासाठी हा ॲम्प बिघडवायचा कशाला? ज्याला माईक आणि कीबोर्ड लावायचा आहे त्याला एक साधी पीए पेटी सुचवा. ती तुमच्याच दुकानातून जाईल. आणि गिऱ्हाईक अडूनच बसलं तर वेगळ्या बॅफलवर वूफर बसवून द्या, मूळ बॅफल आणि मूळ स्पीकर गुंडाळून त्याच्या घरी पाठवा. जुन्या पेटीत नवी भोकं पाडणं आणि चौकट कापून मोठी करणं ही कामं मात्र टाळाच, ती पुन्हा उलटवता येत नाहीत.

मग पहिला प्रश्न कोणता? ओहम. इथे चुकलं तर आवाजाचा प्रश्नच उरत नाही. व्हॉल्व्ह ॲम्प आणि ट्रान्झिस्टर ॲम्प इथे उलट वागतात. ट्रान्झिस्टरला कमी ओहमचा स्पीकर दिला की तो जास्त करंट ओढतो आणि आउटपुट जोडी उडते. व्हॉल्व्ह ॲम्पला स्पीकर न जोडता वाजवलं किंवा फार जास्त ओहमचा जोडला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज चढून इन्सुलेशन फुटू शकतं. स्पीकर बदलून वाचवलेले पैसे मग ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याकडे जातात. मीटरने मोजताना कॉइलचा डीसी रेझिस्टन्स छापील आकड्यापेक्षा कमी येतो. आठ ओहमचा स्पीकर साधारण साडेसहा दाखवतो, सोळाचा बारा-तेरा. सहा आले म्हणून नवशिका तो चार ओहमचा समजून बसतो. दोन स्पीकरच्या पेटीत एकच जळाला असेल तर जोड कशी आहे ते आधी पाहा. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये आठ ओहमचे दोन पॅरेलल असतात, म्हणून ॲम्पला चार दिसतात. त्यातला एक सोळाचा घातला तर एकूण ओहम तर बदलतोच, शिवाय दोघांत पॉवर असमान वाटली जाते आणि आठवाल्यावर दुप्पट भार येतो. दोघांची सेन्सिटिव्हिटी वेगळी असेल तर एक दुसऱ्याला दाबून टाकतो. जोडीतला एक बदलायचा असेल तर हे दोन्ही आकडे जुळायलाच हवेत.

अल्निको की फेराइट, या वादाला आम्ही एकच परिच्छेद देतो. अल्निकोत कोबाल्ट लागतं. १९७८मध्ये झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरच्या धंद्यात अल्निको मागे पडलं. त्याच्या आधीही अनेक नामांकित गिटार स्पीकर फेराइटचेच होते. मार्शलमधला ग्रीनबॅक त्यातलाच. जेन्सनच्या नावातला ‘पी’ अल्निकोचा आणि ‘सी’ फेराइटचा, एवढं लक्षात ठेवलं तरी मॉडेल ओळखायला पुरतं. मॅग्नेटने आवाजात फरक पडतो, पण कोनने पडतो त्यापेक्षा कमी.

आणि म्हणूनच बदलण्याआधी वाचवण्याचा विचार हवा. वसईचं हवामान स्पीकरला मानवत नाही. खाडीचा आणि समुद्राचा खारा वारा, त्यात चार महिन्यांची ओल. कागदाचा कोन ओल पितो, जड होतो, गोंद सुटतो, आणि गॅपमधल्या लोखंडावर गंज चढून कॉइल घासायला लागते. पण घरघरणारा प्रत्येक स्पीकर मेलेला नसतो. डस्ट कॅपच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन सारखा, हलक्या दाबाने आत-बाहेर करा आणि कान जवळ न्या. खरखर येत असेल तर कॉइल घासते आहे. आवाज नसेल आणि मीटरला ओहम बरोबर असेल तर दोष बहुधा सैल स्क्रू, टर्मिनलपाशी तुटत आलेली लवचीक तार किंवा सुटलेली डस्ट कॅप यांपैकी एकात असतो. छोटी चीर असेल तर टिश्यू पेपर आणि पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो. रबरी सोल्यूशनचा जाड लपेटा मारला की तेवढी जागा जड होते आणि आवाज कायमचा बदलतो. बास्केटच्या कडेवर शिक्का मारलेला आकडाही वाचा. अमेरिकी स्पीकरवर २२०ने सुरू होणारा आकडा जेन्सनचा, ४६५चा ऑक्सफर्डचा, ६७चा एमिनन्सचा. पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. जुन्या शिक्क्यांत वर्षाला एकच अंक असतो, म्हणून २२०६३२ हा १९५६चाही असू शकतो आणि १९६६चाही. दशक ॲम्पवरून ठरवावं लागतं. गिऱ्हाईकाला हा आकडा दाखवला की तो स्पीकर भंगारात द्यायची घाई सहसा आपोआप थांबते.

कॉइल जळालीच असेल तर रिकोन. इथे तिसरा आक्षेप येतो: रिकोन केलेला स्पीकर मूळचा राहतो का? नाही राहत. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जो मिळेल तो कोन, थोडा जड, थोडा खोल, कापडी सराउंडचा, जेन्सनच्या बास्केटमध्ये चिकटवला तर जुन्या चौकटीतला तो नवाच स्पीकर असतो, आणि वर आम्ही पीए वूफरबद्दल जे म्हटलं ते सगळं त्यालाही लागू पडतं. म्हणून रिकोन करणाऱ्याकडे बास्केट पाठवताना जुन्या कोनचे तुकडे फेकू नका. कागदाची जाडी, सराउंडच्या घड्या, कोनवरच्या गोल वळ्या, कॉइलचा व्यास आणि तारेचे थर त्या तुकड्यांवरूनच जुळवता येतात. कॉइलचा साचा मूळचा कागदी असेल तर ॲल्युमिनियमचा घालू नका. उष्णता जास्त सोसेल, पण वरचे सूर टोचायला लागतील. एवढं जुळणार नसेल तर प्रामाणिकपणे सांगावं, रिकोनचे पैसे घेऊ नयेत आणि आजच्या उत्पादनातला चांगला गिटार स्पीकर बसवावा. सेलेस्टियन, जेन्सन, एमिनन्स हे आजही जुन्या आवाजाच्या जातीचे स्पीकर बनवतात. मागवायला वेळ लागतो, आणि नाताळच्या तोंडावर गिऱ्हाईक थांबत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यापुरता दुकानातला चालू गिटार स्पीकर उसना लावून द्यावा.

बसवून झाल्यावर दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर लावून कोन कुठे जातो ते पाहावं. बहुतेक स्पीकरचा कोन प्लसला प्लस लावल्यावर बाहेर येतो, जुन्या जेबीएलचा आत जातो. दोन स्पीकरच्या पेटीत एक जेबीएल आणि दुसरा नवा असेल, आणि हे तपासलं नसेल, तर दोघे एकमेकांचा खर्ज खातात आणि दोष बिचाऱ्या नव्या स्पीकरवर येतो. बॅफलच्या मागे एक कागद चिकटवून त्यावर ओहम, सेन्सिटिव्हिटी, रेझोनन्स, पोलॅरिटी आणि तारीख लिहावी. वॅटही लिहावेत, शेवटच्या ओळीत.