तोच वर्ग, तेच पुस्तक, त्याच बाई

गेल्या महिन्यात भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं उरकली, मंडळी पंख्याखाली पसरली आणि नेहमीप्रमाणे देशाचे प्रश्न सोडवायला सुरुवात झाली. फिरत फिरत गाडी शाळांवर आली. भाचा म्हणाला, "मावशी, ढकलपास बंद केलं ते फार बरं झालं. पाचवीत, आठवीत एकदा नापास झाली की बरोबर अभ्यास करतील कार्टी. आम्ही नाही का केला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथे बोलले नाही, कारण त्याचं घर, त्याचं कार्य. पण इथे लिहायला मला कोण अडवणार? (तो हे वाचतो, मला ठाऊक आहे.)

आधी नियम काय ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नव्हतं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. आपल्या राज्याने २०२३ मध्ये तसा नियम केला. लोकांना एवढंच माहीत असतं. पण त्याच दुरुस्तीत हेही आहे की, नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. आता मला सांगा, आपल्याकडे वार्षिक निकाल लागतो कधी? उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर. म्हणजे जादा शिकवायचे दिवस आणि शाळेला कुलूप असण्याचे दिवस एकच! जे चार वर्षांत जमलं नाही ते मूल मे महिन्यात कुणापाशी बसून शिकणार? गावी गेलेल्या मास्तरांपाशी, की कामावर गेलेल्या आईपाशी?

त्याहून गंमत मूळ कायद्यात आहे. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात एक आहे, ठरलेल्या वेळेत सगळा अभ्यासक्रम पुरा करणं. त्याच्या लगेच खाली दुसरं आहे, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासून त्याला लागेल तसं जादा शिकवणं. शेजारी शेजारी लिहिलेली ही दोन कर्तव्यं. पहिल्याचा हिशेब सगळे मागतात. साहेब तपासणीला आले की "कितवा धडा चाललाय?" हाच प्रश्न. "मागे पडलेली मुलं किती, त्यांना कोण घेऊन बसतं, किती वाजता?" हे मला माझ्या उभ्या नोकरीत एकदाही कुणी विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही. आता लिहायलाच बसले आहे तर तेही सांगते.

मी हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवत असे. जादा तास मी पुष्कळ घेतले. सकाळी साडेसहाला थंडीत शाल गुंडाळून जायची. पण ते तास कुणासाठी? स्कॉलरशिपच्या मुलांसाठी, आणि दहावीला पंचाहत्तर टक्क्यांची ऐंशी करायची असतील त्यांच्यासाठी. त्यांचे फोटो फलकावर लागत, आमचंही नाव होई. मागच्या बाकावरच्या मुलांना मात्र आम्ही वेळेवर घरी सोडत होतो.

त्या मागच्या बाकावर एक मुलगा होता. आठवीत असताना मी त्याला उभं करून धडा वाचायला सांगितला. त्याने पहिला परिच्छेद घडाघडा म्हटला. मी म्हटलं, छान, आता दुसऱ्या पानावरून वाच. तो गप्प. तेव्हा लक्षात आलं की त्याने वाचलंच नव्हतं. आधीच्या दोन मुलांचं ऐकून पाठ केलं होतं. आठवीतला मुलगा, आणि त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती! मी काय केलं असेल? त्याला लाजवायला नको म्हणून पुन्हा कधी त्याला वाचायला उठवलंच नाही. त्या वेळी मला वाटलं होतं की मी प्रेमळ बाई आहे.

नववीत तो नापास झाला. तेव्हा ढकलपास नव्हतं बरं का. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा नववीत बसला. तोच वर्ग, तेच पुस्तक, त्याच बाई. न येणारं वाचन त्याला कुणी शिकवलं नाही, फक्त न वाचता येणारा धडा दुसऱ्यांदा समोर ठेवला. दिवाळीनंतर तो आलाच नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी लाल शाईने रेघ मारली, ती मला अजून दिसते.

म्हणून भाच्याला माझा साधा प्रश्न आहे. नापास केल्याने त्या मुलाच्या आयुष्यात काय बदलतं? त्याच्यापाशी कोण येऊन बसतं? आणि "आम्ही नाही का केला" म्हणतोस, तर तुझ्या आईने रोज संध्याकाळी तुला पाटीवर घोटून घेतलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुझा मुलगा रोज दीड तास क्लासला जातो. गणिताचे सर वेगळे, इंग्रजीच्या मॅडम वेगळ्या. तिथे तू त्याला "मुलाकडे लक्ष देणं" म्हणतोस. म्हणजे मागे पडलेल्या मुलापाशी रोज कुणीतरी बसायला लागतं हे तुला मान्यच आहे. फक्त ज्याच्या बापाला फी परवडत नाही त्याच्या बाबतीत तुझं औषध बदलतं!

"पण मावशी, असं शिकवून खरंच फरक पडतो का?" पडतो, आणि ते आपल्या मुंबईतच मोजलेलं आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नावाचा कार्यक्रम चालवला होता. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं शाळेच्याच वेळात दोन तास वेगळी बसवायची, आणि वस्तीतल्याच एका मुलीने त्यांना अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी शिकवायची. ती साधारण दहावी झालेली, दोन आठवडे प्रशिक्षण घेतलेली. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये छापून आला. (या दोघांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्या मुलांना झाला. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातला बराच फायदा ओसरला होता, हेही त्याच अभ्यासात आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. औषध थांबवलं की दुखणं उलटतंच. म्हणून एक वर्षाचा 'उपक्रम' करून फोटो काढण्यात अर्थ नाही, हे रोजचं काम आहे.

आता कुणी म्हणेल, सरकारी मास्तरांना शिकवताच येत नाही. तेही खरं नाही. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभर अशी शिबिरं घेतली. अभ्यासक्रमाचं ओझं नाही, फक्त वाचन आणि गणित. मुलं सुधारली. शाळेच्या वर्षात मात्र हे जमेना, कारण तिथे पुन्हा "कितवा धडा?" सुरू. त्यात आपल्याकडे निवडणुकीची कामं, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं. मास्तरांना मुलांजवळ बसायला मोकळं ठेवा, मग त्यांना नावं ठेवा.

गेली तीन वर्षं मी जवळच्या नगरपालिकेच्या शाळेत रोज तासभर जाते. खिचडी झाली की पाचवीतली पाच मुलं माझ्याकडे येतात. एका मुलीने ४७ आणि ३८ ची बेरीज ७१५ लिहिली. हातचा माहीतच नाही! मी विचारलं, ४७ रुपयांची भाजी आणि ३८ चं तेल घेतलं तर दुकानदाराला किती द्यायचे? क्षणात म्हणाली, ८५. ही मुलगी ढ आहे का? तिला हातच्याच्या पायरीवर तीन वर्षांपूर्वी कुणी थांबून भेटलंच नाही, एवढंच. आणि वर्गात तेव्हा अपूर्णांक चालू होते. दुसरा एक मुलगा दर गुरुवारी गैरहजर. गुरुवारी बाजार, आई भाजी विकायला बसते, धाकटीला तो सांभाळतो. पाचच मुलं होती म्हणून मला हे कळलं. पन्नासांच्या वर्गात ती नुसती एक गैरहजेरी असते. "काल का आला नाहीस रे?" असं विचारणारं एक ठरलेलं माणूस लागतं, ते शिकवण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पण कृपा करून माझं कौतुक करू नका. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी अडीच महिने घरी आणि पाचही मुलांचा तास बंद. म्हणूनच माझा हट्ट आहे की हे निवृत्त म्हाताऱ्यांच्या हौसेवर सोडू नये. वेळापत्रकात रोजचा तास हवा, वस्तीतल्या शिकलेल्या मुलींना त्यासाठी रीतसर मानधन हवं, आणि मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना जे येतं तिथून सुरू करायला हवं. एवढं करून मग परीक्षा घ्या, माझी हरकत नाही.

तेव्हा भाचेबुवा, पुढच्या वेळी नापास करा म्हणण्याआधी तुझ्या नव्या घरामागच्या पालिका शाळेत एकदा जा आणि हेडमास्तरांना एवढंच विचार, मागे पडलेल्या मुलांना रोज कोण घेऊन बसतं? उत्तर मिळालं तर मला कळव. नाही मिळालं तर संध्याकाळी पाचनंतर तू मोकळाच असतोस, आणि गणित तुझं चांगलं आहे.