संदकफू : गाडीने की पायी?

दार्जिलिंगपासून २६ किलोमीटरवर, भारत-नेपाळ सीमेला चिकटून मानेभंज्यांग नावाचे चिमुकले गाव आहे. सकाळी चहाचा पेला हातात घेऊन उभ्या असलेल्या बहुतेक कुटुंबांत इथे एकच वाद रंगलेला असतो : वर गाडीने जायचे की पायी? मुलांना चालायचे असते, आजोबांचे गुडघे नाही म्हणतात आणि आई दोघांकडे आळीपाळीने पाहत असते.

वर म्हणजे ३१ किलोमीटरवरचे संदकफू, उंची ३६३६ मीटर. पश्चिम बंगालमधले सर्वात उंच ठिकाण. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे चालायला सुरुवात करण्याआधीच आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर उभे असतो! आकाश निरभ्र असेल तर वरून कांचनगंगा, एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू, जगातल्या पहिल्या पाच शिखरांपैकी चार एकाच नजरेत येतात.

या वाटेची खरी शान म्हणजे १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्या. नातवंडांच्या वयाच्या चालकांनी त्या जिवापाड जपल्या. आता बराच रस्ता सिमेंटचा झाला असून बोलेरोसारख्या गाड्याही धावतात, तरी गैरीबासच्या पुढची नागमोडी वळणे पाहिली की मैदानी सवयीच्या चालकाने स्टिअरिंगला हात न लावलेलाच बरा.

गाडी काही तासांत वर पोहोचवते, आणि नेमकी तिथेच गोम आहे. अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होत जाते. सकाळी खाली नाश्ता आणि दुपारी साडेतीन हजार मीटरवर जेवण, हे शरीराला पटेलच असे नाही. डोके ठणकते, मळमळते, झोप उडते. धडधाकट तरुणालाही हे होऊ शकते. पायी जाणारा मात्र तुमलिंग, कालीपोखरी असे मुक्काम करत तिसऱ्या दिवशी पोहोचतो. तोवर शरीर उंचीला सरावलेले असते. त्यामुळे आजोबांनी गाडीने जरूर जावे, पण पहिली रात्र तुमलिंगलाच काढावी. संध्याकाळी चालून आलेली नातवंडेही तिथेच भेटतात. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वर गेल्यावर त्रास वाढू लागला, तर सूर्योदयासाठी थांबू नये, सरळ खाली उतरावे.

सायकल घेऊन येणारे हौशीही भेटतात. त्यांची परीक्षा चढापेक्षा उतारावर होते. ब्रेक तपासले नसतील तर सायकल हातात धरून चालावे, त्यात कमीपणा नाही.

वाट सिंगलीला राष्ट्रीय उद्यानातून जाते. वाटाड्या सोबत घ्यावा लागतो, ओळखपत्र जवळ हवे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उद्यान बंद असते. एप्रिल-मेमध्ये गुरांसची लाल फुले, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वच्छ शिखरे.

परतताना चालणाऱ्यांनी गुरदुम-श्रीखोलाची पायवाट धरावी. ती बांबूच्या दाट रानातून उतरते. बांबूची पाने हे लाल पांडाचे आवडते खाणे. दिसलाच तर नशीब. गुडघ्यांसाठी हातात काठी असू द्यावी. लँड रोव्हरवाल्यांना मात्र आल्या रस्त्यानेच परतावे लागते.