कोरे सोडलेले गोल

मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीवरची ‘स्कॅम 2003’ ही मालिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तोही सीमाभागातला, खानापूरचा. पण मला अस्वस्थ करतो तो आपल्या कलबुर्गीतला पोलीसभरती घोटाळ्याचा तपास. 3 ऑक्टोबर 2021, कर्नाटकात फौजदारांच्या 545 जागांसाठी परीक्षा. काही उमेदवारांनी कोरे सोडलेले ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल नंतर पर्यवेक्षकांनीच भरले, असं सीआयडीच्या तपासात पुढे आलं. पोलिसांनी पोलीसभरतीच तपासायची! जुलै 2022 मध्ये भरती विभागाचे माजी प्रमुख, अतिरिक्त पोलीस महासंचालक दर्जाचे अधिकारी, यांना अटक झाली. परीक्षा आधीच रद्द झाली होती. फेरपरीक्षा थेट जानेवारी 2024 मध्ये. तोवर प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांचं काय झालं असेल? भालकी, औराद, आळंदच्या लेखकांनो, मालिका लिहाल तेव्हा त्यांच्यापासून सुरुवात करा.