पॅटनसमोर फक्त सेल्फी?

१९७१च्या युद्धात लढलेल्या विक्रांत जहाजावरचं संग्रहालय मुंबईत २००१ ते २०१२ लोकांसाठी खुलं होतं. २०१४ साली ते जहाज दारूखान्यात भंगारात निघालं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलंच नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयाबाबत ही सबब चालणार नाही. लष्कराचं हे संग्रहालय १९९४पासून इथंच, आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे.

आम्ही गेलो तेव्हा तरुण पोरं पॅटनच्या तोफेखाली उभी राहून फोटो काढत होती. आम्हीही काढले, खोटं कशाला बोला! पण हे पॅटन १९६५ साली पंजाबात असल उत्तरच्या मैदानात का अडले, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. तिथं जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडत शहीद झालेला हवालदार अब्दुल हमीद शिंप्याच्या घरातला. ज्या समाजाकडे आज रोज देशभक्तीचा दाखला मागितला जातो, त्या समाजातला. परमवीरचक्राचा मानकरी.

रणगाड्याची पाटी रणगाड्याचं वजन आणि तोफ सांगणार, आमची तक्रार ती नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. बंदूक कुणाच्या हातात द्यायची, हे या देशात जातीवर ठरलं. १८९०च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली, आणि गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज करावा लागला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ला १११ महार पलटण उभी केली. गरज सरताच १९२१ला मोडली. सुभेदाराच्या मुलाला, बाबासाहेबांना, ही वागणूक घरातूनच ठाऊक होती. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बोधचिन्हावर आधी कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो काढून कट्यार आली.

तो स्तंभ याच नगर-पुणे रस्त्यावर आहे. १ जानेवारीला नगरहून गाड्या भरून जातात, पण रणगाडा संग्रहालयाकडे कुणी वळत नाही. युद्धाचं कौतुक करायला जा असं आम्ही म्हणत नाही. बुद्धाच्या वाटेवरच्यांना ते शोभणारही नाही. पण लोखंडामागची माणसं कोण, हे तिथं उभं राहून विचारायला हवं.

येत्या ३१ डिसेंबरला आम्ही वस्तीतली मुलं घेऊन आधी संग्रहालयात, दुसऱ्या दिवशी स्तंभाकडे जाणार आहोत. पॅटनपाशी कुणी बोलायचं, ते अजून ठरायचंय.