पैसा रोख, तरी तारखेची घाई नको



उसाचे बिल जमा झाले की वजन उतरवायचे ऑपरेशन "पुढच्याच आठवड्यात उरकून टाकू" म्हणणारे आता गावोगाव भेटतात. पैसे रोख, विम्याच्या मंजुरीची वाट नाही, म्हणून तारीख लवकर मिळते हे खरे. पण तारीख मिळाली म्हणजे तयारी झाली असे नव्हे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

रक्त, हृदय, सोनोग्राफी, दुर्बिणीतून जठराची तपासणी, आहारतज्ज्ञ व मानसतज्ज्ञांची भेट, यात काही आठवडे जातातच. विडी-तंबाखू आधीच सोडावी लागते. यकृत आकसावे म्हणून शेवटचे सुमारे २ आठवडे बेताचे खाणे. कोवळा ऊस तोडला की उतारा पडत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको!

रोख मोजण्याआधी पॉलिसीही वाचा. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार बीएमआय ४०, किंवा गंभीर आजारासह ३५ असेल, तर इतर अटी पाळून खर्च मिळू शकतो. मंजुरीला दिवस लागतील, लागू देत.

ऑपरेशननंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर आहेत. तोही खर्च आजच धरा. आधी तपासण्या, मग तारीख. जीव एकच आहे, त्याला खोडवा नाही.