मधुमेहाचा प्रतिबंध मातेपासून

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा असल्यामुळे असेल किंवा रोगाच्या नावामुळे असेल, मधुमेहाची चर्चा येथे बहुधा साखर वर्ज्य करण्यापाशीच संपते; वस्तुतः या विकाराचे मूळ स्वादुपिंडाच्या क्षमतेत आहे, आणि ती क्षमता कधी घडते हे ध्यानात घेतल्याशिवाय प्रतिबंधाचा कोणताही कार्यक्रम पुरा पडणार नाही.

जठराच्या मागे आडवी असलेली ही ग्रंथी मुख्यतः पाचकरस तयार करते. परंतु तिच्यात पेशींचे असंख्य सूक्ष्म पुंजके विखुरलेले असतात, ज्यांचे वर्णन जर्मन संशोधक पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये प्रथम केले आणि जे आपली संप्रेरके, म्हणजे शरीराला आदेश देणारी रसायने, थेट रक्तात सोडतात. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की या पुंजक्यांतील बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात, त्यामुळे स्नायू ग्लुकोज आत घेतात आणि यकृत त्याचा साठा करते. उपवासात ग्लुकोज उतरू लागले, की अल्फा पेशींतील ग्लुकागॉन हे संप्रेरक तोच साठा यकृताकडून मोकळा करवते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते. बहुसंख्य रुग्णांना होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात मात्र शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, ज्याला इन्सुलिनरोध म्हणतात, आणि तो भरून काढण्यासाठी अधिकाधिक इन्सुलिन तयार करता करता बीटा पेशी थकतात; ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासानुसार निदानाच्या वेळी त्यांची सुमारे निम्मी कार्यक्षमता ओसरलेली असते.

बीटा पेशींच्या क्षमतेची ही शिदोरी काहींना मुळातच तोकडी का मिळते, याचा महत्त्वाचा शोध महाराष्ट्रातच घेतला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. तरीही या लहानग्यांच्या स्नायूंच्या मानाने त्यांची चरबी अधिक होती. पुढे असेही दिसले, की गरोदरपणी ज्या मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध जास्त होता.

सोलापूरने या निष्कर्षांचा गांभीर्याने विचार करायला हवा, कारण तासन्‌तास बैठ्या जागी विड्या वळून संसार चालवणाऱ्या हजारो स्त्रिया या शहरात आहेत आणि त्यांच्या लेकी उद्याच्या माता आहेत. जिल्ह्याची ज्वारी भातापेक्षा अधिक तंतुमय असली, तरी तीही पिष्टमय धान्यच आहे आणि ब-१२ हे जीवनसत्त्व तिच्यात नसते. ते दूध, अंडी, मासे आणि मांसातून मिळते. म्हणून किशोरवयीन मुलींच्या तपासणीत हिमोग्लोबिनच्या जोडीला ब-१२ची पातळीही पाहावी, विवाहापूर्वीच त्यांचे पोषण सुधारावे आणि प्रत्येक गरोदर स्त्रीची साखर वेळेवर तपासली जावी, ही मागणी महापालिका आणि जिल्हा परिषदेकडे आग्रहाने झाली पाहिजे. चाळिशीनंतर दिलेला पथ्याचा सल्ला आवश्यकच आहे. मात्र तोवर बीटा पेशींचा बराच काळ हातून गेलेला असतो, आणि मुलींच्या आहारावर आज केलेला खर्च पुढच्या पिढीच्या स्वादुपिंडाला अधिक बळ देण्याची शक्यता आहे.