दार लेकरांचं, सजावट कुणाची?

जून उजाडला की गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात एक वेगळीच गर्दी दिसते. वह्या-पुस्तकं घेणारी नव्हे, चमकीचा कागद, फोमशीट, रंगीत टेप आणि फुगे घेणारी. बालवाडीच्या बाई, अंगणवाडीच्या ताई, इंग्रजी नर्सरीतल्या मॅडम... सगळ्यांचं कारण एकच, ‘वर्गाचं दार सजवायचंय!’ जूनमध्ये स्वागताचं दार, ऑगस्टमध्ये तिरंग्याचं, मग गणपतीचं, दिवाळीचं, संक्रांतीचं. दर महिन्याला दाराचे कपडे बदलायचे, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. चार अंगठे आले की झालं समाधान. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मैत्रिणींनो, हौसेला माझी ना नाही. दार सजवणं तर आपल्या रक्तातच आहे. नागपंचमीला आपण दाराशी नाग काढतो, दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधतो, पाडव्याला दारात गुढी उभी करतो. पैनगंगेपलीकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. रस्त्यानं जाणाऱ्याला नुसतं दार बघून कळतं, की आज या घरात काय आहे, सण आहे का लग्न, का बारसं. आपल्याकडे दार असं बोलकं असतं.

मग प्रश्न असा, की बालवाडीचं दार कुणाबद्दल बोलतं? आत बसणाऱ्या लेकरांबद्दल, की बाईंच्या कात्रीकामाबद्दल?

हे तपासायला फार काही लागत नाही. आपल्या लेकराच्या वर्गासमोर जा आणि दारापुढे उकिडवं बसा. चार वर्षांच्या लेकराची उंची असते साधारण सव्वातीन फूट. त्याच्या नजरेनं बघा. बऱ्याच ठिकाणी सगळी शोभा चार फुटांच्या वर! फुलपाखरं वर, इंद्रधनुष्य वर, ‘सुस्वागतम्’ तर पार चौकटीवर. लेकराच्या डोळ्यांसमोर काय? कडी, गंज आणि पोपडे आलेला रंग. म्हणजे हे दार सजवलंय मोठ्या माणसांसाठी. साहेबांसाठी, पालकांसाठी, मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी. आणि वर हातही लावू द्यायचा नाही. ‘ए, ओढू नको, फाटेल!’ शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा पदर सोडून आलेल्या लेकराला दारानं सांगितलेली पहिली गोष्ट काय, तर ‘हात लावू नको.’

खरं तर मुलांच्या उंचीचा विचार काही नवा नाही. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत बालगृह काढलं, तेव्हा टेबलं, खुर्च्या, कपाटं लेकरांच्या मापाची केली. तो विचार आपल्या मातीत रुजवला ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ मध्ये भावनगरला नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. परदेशी पद्धतीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, माती अशा आसपासच्या वस्तू शिकवायला घेतल्या. वंचित वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला बरं का! देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती पुढे, २ ऑक्टोबर १९७५ ला. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

जी शाळा अंगणात जन्मली, दाराशिवाय जन्मली, तिच्या दाराला आता विकतची कार्टून्स चिकटलीत. गंमत आहे की नाही?

कुणी म्हणेल, ‘रंगीबेरंगी असलं की लेकरं रमतात.’ अगदी खरं. पण किती आणि कुठे, यालाही माप आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवर्गातल्या २४ मुलांना त्यांनी काही धडे खच्चून सजवलेल्या खोलीत शिकवले आणि काही साध्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जवळजवळ ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं. साध्या खोलीत ते प्रमाण २८ टक्के. प्रश्नांची बरोबर उत्तरंही साध्या खोलीतच जास्त आली, ५५ टक्के. सजवलेल्या खोलीत ४२. अभ्यास लहान आहे, परदेशातला आहे, आणि भिंतींचा आहे, दारांचा नाही. पण त्यातून मला तर दाराचीच बाजू भक्कम झालेली दिसते. सजवायचं तर दाराची बाहेरची बाजू सजवा! लेकरू येताना बघेल, हात लावेल, हसेल आणि आत जाऊन शांतपणे बसेल. आतल्या चारही भिंती तक्त्यांनी आणि झिरमिळ्यांनी भरायची काही गरज नाही.

आता दारावर लावायचं काय? त्यासाठी आपल्या हिमायतनगरला ना मोबाइलवर चित्रं शोधायला लागतात, ना नांदेडहून सामान आणायला. आपलं वर्षच इतकं रंगीत आहे!

जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला, की ओल्या मातीत लाल मखमली किडे निघतात. लाल रंगात बोट बुडवून लेकरांनी दारावर ठसे उमटवले, की झाले मृगाचे किडे. ज्याचा ठसा त्याच्या शेजारी त्याचं नाव. श्रावणात नाग आणि झोके. पोळ्याला लेकरांनी केलेले मातीचे बैल दाराबाहेरच्या ओट्यावर. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच सुमाराला आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, हे चार वर्षांच्या जिवाला काय कळणार? पण झेंड्याला मी रंग दिला, एवढं त्याला नक्की कळतं. नवरात्रात माहूरच्या वाटेनं जाणारी माणसं दिसतात, त्या वाटेचं चित्र. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला, की खरी बोंडं सुतळीत ओवून दाराला. हात लावून बघा म्हणावं, मऊ काय आणि टोचरं काय! मग तुरीच्या शेंगा. मग ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या, त्या तर आजोबा लोक हौसेनं करून देतील. संक्रांतीला पतंग. महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा, म्हणजे दारावर पाळणा आणि रेवड्या हव्यातच! फाल्गुनात किनवटच्या वाटेवर पळस पेटतो, त्याची फुलं. रमजान ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात चंद्रकोर. १४ एप्रिलला निळा झेंडा.

आणि हो, भाषा. आपल्या भागात एका बालवाडीत मराठी, उर्दू, तेलुगू आणि गोरमाटी बोलणारी लेकरं शेजारी-शेजारी बसू शकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभरणीचा काळ मानलाय आणि खेळातून, घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिलाय. मग दारावर ‘ये’ हा एवढासा शब्द त्या प्रत्येक भाषेत का नसावा? तांड्यावरच्या एखाद्या आजीनं आरशाच्या भरतकामाचा जुना तुकडा दिला, तर तो लेकरांच्या उंचीवर लावा. येता-जाता प्रत्येकजण त्यात तोंड बघेल. विकतचं कुठलंही कार्टून त्या आरशाची बरोबरी करणार नाही, लिहून ठेवा.

याला खर्च किती? कणकेची खळ, जुनी वर्तमानपत्रं, गेरू, चुना आणि खडू. पत्र्याच्या दारावर तर खडूनं थेट चित्र काढता येतं आणि ओल्या फडक्यानं पुसताही येतं. दोन-तीन गोष्टी मात्र सांभाळा. लेकरांच्या हाताशी टाचण्या नकोत. बिजागरीच्या बाजूला काही लोंबतं ठेवू नका, बघायला गेलेली बोटं चेमटतात. आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तो तर नकोच.

खर्चाचं बोलणं मी मुद्दाम काढलं. कारण या सजावटीचा पैसा कुठून येतो, हे आपण कधी विचारत नाही. कितीतरी ठिकाणी तो ताईंच्या पर्समधून जातो. मानधनात वाढ व्हावी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. ज्या बाईला आपल्या हक्काच्या चार पैशांसाठी रस्त्यावर बसावं लागतं, तिनं चमकीचा कागद स्वतःच्या पैशानं आणायचा? आहार, वजन-उंची, लसीकरण, नोंदी, सर्वेक्षण एवढं सगळं करून रात्री घरी फुलपाखरं कापत बसायचं? आणि जिथे ताईंच्या पर्समधून जात नाही, तिथे आईच्या. ‘उद्या येताना एक चार्टपेपर, एक चमकीची पुडी पाठवा.’ मजुरीला जाणाऱ्या आईला त्या वीस-तीस रुपयांत घरची भाजी येते. नाही पाठवलं तर लेकराला खाली मान घालून बसावं लागतं. बाकीच्यांच्या आया घरी रात्रभर बसून वस्तू करून पाठवतात, त्या दारावर झळकतात. जिच्या आईला वेळ नाही, तिचं दारावर काहीच नाही. दार सुंदर दिसतं, पण वर्गातल्या एका लेकराला ते आपलं वाटत नाही. ही सजावट मग कोणत्या कामाची?

सगळ्यात जास्त मला ज्या लेकरांचं वाटतं, ती म्हणजे मध्येच दिसेनाशी होणारी लेकरं. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला, वीटभट्टीला निघतात. आईबरोबर लेकरूही जातं. इकडे दार बदलत राहतं, जुनं ओरबाडून नवं चिकटतं. जूनमध्ये लाल ठसा उमटवून गेलेलं पोर चैत्रात परत येतं, तेव्हा दारावर त्याची खूणही नसते. म्हणून एक करा. दाराचा खालचा एक हातभर भाग वर्षभर बदलूच नका. तिथे सगळ्यांचे ठसे आणि नावं तशीच राहू द्या. आणि जे गावाला गेलंय, त्याच्या नावाशी रोज एखादं फूल, एखादी रेघ काढायला बाकीच्यांना सांगा. ‘आज कोण आलं नाही? कुठे गेलंय? कधी येणार?’ मोजणीही होते, आठवणही राहते. परत आलेल्या लेकरानं दाराशी वाकून आपलं बोट आपल्या ठशावर ठेवलं, की त्याला आत ओढत न्यावं लागत नाही. ते आपणहून जातं.

साहेब आल्यावर काय म्हणतील, ही भीती बाईंना असते. खोटी नाही ती. वेडेवाकडे ठसे, तिरकी नावं, अर्धवट रंगवलेला बैल... हे ‘छान’ दिसत नाही ना! म्हणूनच हे काम एकट्या बाईंवर सोडून चालणार नाही. आपण आयांनीच म्हणायला हवं, की आम्हाला हेच दार आवडतं. नर्सरी निवडताना दारावरचं चित्र किती चकचकीत आहे हे बघू नका, ते कुणी काढलंय हे विचारा. पालकसभेत वर्गणीचा विषय निघाला, की सरळ सांगा, ‘पैसे नकोत, आम्ही पंधरा दिवसांनी आळीपाळीनं एक-एक तास येऊ. खळ करून देऊ, धाटं आणून देऊ, लेकरांचे रंगलेले हात धुऊ.’ चित्र मात्र लेकरांनाच काढू द्या. त्यांचा हात धरून बैलाची शिंगं सरळ करू नका. चार वर्षांच्या पोराच्या बैलाला पाच पाय असले, तर असू द्या!

यंदा पोळ्याच्या आधी एकदा आपल्या लेकराच्या वर्गापर्यंत जा. दाराशी त्याच्याएवढं होऊन बसा आणि त्यालाच विचारा, ‘यातलं तुझं कोणतं रे?’ त्यानं पटकन बोट ठेवलं, तर बाईंना मनापासून शाबासकी द्या. आणि ते नुसतंच वर बघत राहिलं, तर पुढच्या पालकसभेत काय बोलायचं, ते तुम्हाला कळेलच.